भट्टीशेजारची खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. दोन झडपांची, लाकडी, एका घराच्या मागच्या खोलीत बसवलेली. मित्रांनो, खिडकीचे कसले आले आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. पण मला आतलेही दिसते आणि बाहेरचेही. बोलता मात्र येत नाही. वेळेवर बोलता आले असते, तर आज हे सांगण्याची पाळीच आली नसती.

मला घडवले ते एका चिडक्या सुताराने. घराचे मालक म्हणजे आमचे काका. त्यांचे केस कापण्याचे दुकान होते, म्हणून सगळा रस्ता त्यांना सलूनवाले काका म्हणायचा. मागच्या खोलीला एखादा झरोका पुरे, असे काकांचे म्हणणे होते. सुतार ऐकेना. खोली लहान आहे म्हणूनच खिडकी मोठी हवी, असा त्याचा हट्ट. बरीच हुज्जत झाली आणि सुतार जिंकला. त्याने माझ्या झडपा रंध्याने इतक्या तासल्या, की त्या एका बोटाने उघडू लागल्या. त्या दिवशी मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

पुढे कित्येक वर्षे कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. खोलीत मोडकी सायकल, रंगाचे वाळलेले डबे आणि दुकानातली जुनी फिरती खुर्ची पडून होती. माझ्या कडीला गंज चढला. एका कोळ्याने माझ्या कोपऱ्यात संसार थाटला आणि मी त्याला हरकत घेतली नाही. तेवढीच सोबत.

मग काकांनी दुकान पुतण्याच्या हाती सोपवले आणि ते घरी बसले. बसले म्हणजे नावापुरतेच. आयुष्यभर चाललेले हात एकदम थांबतात कसे? काकू स्वयंपाकघरात काय ठेवतात, कुठे ठेवतात, यात ते लक्ष घालू लागले. काकूंनी हात जोडले आणि काहीतरी उद्योग शोधा म्हणाल्या. काकांनी शोधला तो असा, की ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांना लोहारकाम शिकायचे होते. जन्मभर कात्री चालवली, पण कात्री बनते कशी हे कधी पाहिले नाही, एवढेच त्यांचे कारण.

खोली रिकामी झाली. छोटी भट्टी आली, हाताने फिरवायचा भाता आला, ऐरणीच्या जागी रुळाचा एक जाडजूड तुकडा आला. रस्त्यापलीकडच्या लोहाराकडे काका काही रविवार शिकायला गेले, आणि एक दिवस तो लोहार खोली पाहायला आला. त्याने भट्टी पाहिली, वरचे धुराडे पाहिले, मग माझ्या झडपा उघडून हात बाहेर काढला आणि वारा कसा येतो ते पाहिले.

"ही खिडकी चांगली आहे," तो म्हणाला. "भट्टी हिच्याशेजारीच राहू द्या. आग पेटली की ही उघडी. धुराड्यालासुद्धा ओढायला हवा लागते."

मित्रांनो, माझे असे कौतुक त्याआधी कोणी केले नव्हते, त्यानंतरही केले नाही.

काका शिष्य म्हणून गुणी निघाले. अंगात सुती कपडेच घालायचे, कारण नायलॉन पेटले की कातडीला चिकटते. पायात बंद बूट, आणि पँटचे पाय बुटांच्या वरून, म्हणजे ठिणगी आत पडत नाही. डोळ्यांवर चष्मा. एका बाजूला पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला वाळूची. हातोड्यावर हातोडा कधी मारायचा नाही, कारण कडक पोलादाचा कपचा उडतो आणि तो डोळाच शोधतो. सांडशीतून तापलेला तुकडा निसटला तर झेलायला जायचे नाही, पाय मागे घ्यायचे आणि त्याला पडू द्यायचे. लाली गेलेले लोखंड गार झाले असे समजायचे नाही, आधी हाताची पाठ लांबून जवळ नेऊन पाहायची. हा शेवटचा धडा काकांनी अंगठा भाजून घेऊन पाठ केला. काकूंनी त्या अंगठ्यावर गार पाणी सोडले आणि तोंडाचा पट्टाही सोडला.

ते काम करताना मला फार आवडायचे. तापलेल्या सळईशी ते गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलत. मान जरा खाली घ्या, झालंच, हलू नका. काकू दाराआडून ऐकत आणि हसत. भिंतीला ठोकायचे वाकडेतिकडे आकडे झाले, एक उलथणे झाले, ते काकूंनी कौतुकाने वापरायला काढले. कात्री काही जमली नाही, पण काका खूश होते. मीही खूश होते. धूर माझ्यातून बाहेर जाई, वारा माझ्यातून आत येई, आणि यालाच जगणे म्हणतात असे मला वाटू लागले.

आमच्या शेजारी एक नर्सबाई राहायची. तिची रात्रपाळी असे, त्यामुळे ती दिवसा झोपायची. एकदा ड्युटीवरून घरी येताना तिने ठोकाठोक ऐकली आणि कुंपणावरून हसत काकांना विचारले, आज आम्हाला झोपू देणार की नाही. बस, एवढेच. ती चेष्टा करून आत निघून गेली. काका मात्र हातोडा हातात धरून तसेच उभे राहिले.

त्यांनी दुकानात जन्मभर माणसे सांभाळली होती. समोरच्याला काय नको, ते त्याने सांगण्याआधीच आपण ओळखायचे, ही त्यांची सवय. त्या दुपारी त्यांनी माझ्या झडपा मिटल्या. दुसऱ्या दिवशी एक जुनी रजई आणून माझ्या फटींमध्ये कोंबली. धूर स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून आतले दार ते आधीपासूनच लावून घेत. आता मीही बंद झाले. धुराडे ओढायचे थांबले आणि खोलीत धूर तरंगू लागला. कडी उघडा, कडी उघडा, असे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटले असेल. पण मी शेवटी खिडकी. माझी कडी माणसाच्या हातात असते.

काकांचे डोके दुखू लागले. काकूंना ते म्हणाले की चष्म्याचा नंबर वाढला असेल. नवा नंबर काढून आणला तरी डोके दुखायचे थांबले नाही. त्यांची छाती तशी पहिल्यापासून नाजूक, थंडी पडली की खोकला ठरलेला. त्यामुळे खोकल्याचे कोणालाच नवल वाटले नाही.

त्या सुमारास काकूंचा गुडघा फार दुखायला लागला. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात उतरायच्या पायऱ्यांना आधार नव्हता, आणि काकू भिंतीला हात लावत, तोंडातल्या तोंडात पुटपुटत उतरत. काकांनी ठरवले की त्यांच्यासाठी कठडा करायचा. कात्री जमली नाही तर नाही, पण ही एक वस्तू अशी करायची की बायकोने रोज तिला हात लावावा. घरातली पाण्याची लाइन बदलली तेव्हाचे जुने लोखंडी नळ, म्हणजे पाइप, पडून होते. तेच त्यांनी घेतले.

अशा नळांना गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेला असतो. मुलामा असलेले काहीही आगीत घालू नका, जस्त जळते आणि त्याचा धूर छातीत बसतो, हे लोहाराने बजावून सांगितले होते. काका ते विसरले नव्हते, मित्रांनो. विसरले असते तर मला इतके वाईट वाटले नसते. ते कानस आणि पॉलिश पेपर घेऊन बसले आणि नळ बाहेरून असा घासला, की त्यावर मुलाम्याचा मागमूस उरला नाही. मग समाधानाने त्यावरून हात फिरवला. पण नळ पोकळ असतो. मुलामा आतूनही असतो. हे त्यांच्या ध्यानात आले नाही, आणि सांगणारे जवळ कोणी नव्हते.

नळ तापला आणि त्याच्या तोंडातून पांढरा, दाट धूर निघू लागला. ज्वाळेवर हिरवट झाक आली. हवेत पिंजलेल्या कापसासारखे काहीतरी उडू लागले. आत साचलेली माती जळत असेल, असे काका स्वतःशीच म्हणाले आणि भाता आणखी जोरात फिरवू लागले. मी रजई कोंबून बंद, दार बंद, आणि तो धूर त्यांच्याभोवती. मी हे सगळे पाहिले. मला डोळे मिटता येत नाहीत.

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा काका खोकत होते. त्यांनी एक घोट घेतला.

"फार गोड केलास आज."

"अहो, साखर अजून घातलीच नाही," काकू म्हणाल्या.

जस्ताचा धूर लागला की तोंडाला गोडसर चव येते, हे ठाऊक नसल्याने दोघेही हसले. त्यात हसण्यासारखे काय होते, ते मला आजही कळत नाही.

संध्याकाळी काकांना हुडहुडी भरली. फ्लू झाला असेल म्हणून ते पांघरूण घेऊन पडले. उद्या बरे वाटेल म्हणाले. उद्या आणखी ताप चढला, बोलताना धाप लागू लागली. डॉक्टरकडे जायला ते तयार होईनात. शेवटी नर्सबाई सकाळी ड्युटीवरून परतताना काकू रडत फाटकापाशी आल्या. तिने आत येऊन काकांच्या ओठांचा रंग पाहिला आणि लगेच हॉस्पिटलची गाडी बोलावली. काका त्या गाडीतून गेले आणि परत आले नाहीत. असा धूर लागलेले बरेच जण एक-दोन दिवसांत बरे होतात, पण यांच्या फुप्फुसांत मुळातच जोर नव्हता, असे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी काकूंना सांगितले.

काही दिवसांनी नर्सबाई काकूंना भेटायला आली आणि दोघी या खोलीत आल्या. तिने माझ्या फटींतली रजई पाहिली आणि ही कशाला, असे विचारले. काकूंनी सांगितले की दुपारी तुझी झोपमोड होऊ नये म्हणून.

नर्सबाई माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "काकू, मी कानात बोळे घालून झोपते. झोपेत मला कधी काही ऐकूच आलं नाही."

काकू जमिनीवर बसल्या. नर्सबाईने रजई ओढून काढली आणि तिच्यातच तोंड खुपसून रडली. मला कोणाच्याही हाताचा एवढा राग कधी आला नव्हता, आणि तो रजई कोंबणाऱ्या काकांच्या हातांचा होता.

नंतर एक तरुण फोटोग्राफर भट्टी विकत घ्यायला आला. त्यालाही लोहारकामाचा छंद लागला होता. चष्मा, हातमोजे, चामड्याचा एप्रन, सगळे आणले आहे असे तो उत्साहाने सांगत होता. काकूंनी त्याला एकच गोष्ट विचारली.

"तुझ्या खोलीला खिडकी आहे का?"

"आहे ना," तो म्हणाला. "पण बंद ठेवतो. आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास नको."

काकूंनी भट्टी विकायला नकार दिला. काही हरकत नाही, दुसरीकडे मिळेल, असे म्हणून तो निघाला. काकू दुखऱ्या गुडघ्याने त्याच्या मागोमाग, मला कडेने दिसतो त्या रस्त्यापर्यंत गेल्या. त्याच्या गाडीला हात लावून त्याला नळाचे सांगत होत्या, आतल्या मुलाम्याचे सांगत होत्या, खिडकीचे सांगत होत्या. तो मान हलवत होता. म्हातारी माणसे काही सांगू लागली की मुले जशी मान हलवतात तशी. मग गाडी गेली.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा छंद असेल, तर मला हात जोडता येत नसले तरी माझी विनवणी ऐका. आग पेटवण्याआधी खिडकी उघडा. कुठलाही जुना नळ भट्टीत घालण्याआधी तो आतून कसा आहे ते पाहा, आणि शंका आली तर तो भंगारात द्या. शेजाऱ्याच्या झोपेची काळजी जरूर करा, पण आधी त्याला जाऊन विचारा तरी. तुम्ही ऐकाल की नाही, मला ठाऊक नाही. तो फोटोग्राफरही ऐकतच होता.

पायऱ्यांना अजून कठडा नाही. काकू भिंतीला धरून उतरतात. माझी कडी मात्र त्या आता कधीच लावत नाहीत. थंडी असो, वारा असो, मी दिवसरात्र सताड उघडी असते. भरपूर हवा आत येते. श्वास घ्यायला आत कोणी नसते.