चार वाजताची गोळी

मित्रांनो, माझ्या अंगावर तेलखडूने ‘बटणं’ असं लिहिलेलं आहे, पण त्यावर जाऊ नका. मी मुळात बिस्किटांचा डबा. आता जुना झालोय. माझा जन्म एका कारखान्यात झाला. आई एक यंत्र होतं. वडीलही तेच यंत्र होतं. त्या दिवशी आम्ही चार हजार भावंडं जन्मलो आणि आमची नावं ठेवायला कोणालाच वेळ झाला नाही. माझ्या झाकणावर एक बाई बिस्किट खाताना हसते आहे. तिचं अर्धं तोंड घासून गेलं, तरी हसणं चालूच आहे.

बिस्किटं तीन दिवसांत संपली. खाणाऱ्यांनी माझी फार स्तुती केली. डबा काय मजबूत आहे, टाकवत नाही, असं म्हणत त्यांनी मला कपाटावर ठेवलं आणि विसरून गेले. तिथे मी सहा वर्षं काढली. मला त्याचं काही वाटलं नाही. पत्र्याला वाटत नाही. थंडीत गार पडायचं, उन्हात तापायचं, एवढंच आमचं भावविश्व.

मग मी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली. आठ शिलाई मशीन, कापायचं एक मोठं टेबल, इस्त्रीचं एक टेबल, आणि कोपऱ्यात पडदा लावलेली माप घ्यायची जागा. इथे पहारेकऱ्यांचे शर्ट, शाळेचे स्कर्ट आणि डॉक्टरांचे पांढरे कोट शिवतात. माझ्या पोटात बटणं भरली गेली आणि मी कामाला लागलो.

कापायच्या टेबलावर मास्तर उभा असायचा. वय बत्तीस, गळ्यात टेप, बोलणं मोजकं. काजे-बटणं मावशींकडे. मावशी सगळ्यांच्याच मावशी होत्या, मालकाच्यासुद्धा. त्यांची नजर अधू झाली होती, पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मावशींचा एक नियम होता. चार वाजता चहा यायचा. खोलीतल्या सगळ्यांना वाकून बसून पित्ताचा त्रास. म्हणून चहाच्या आधी मावशी एक खोकं घेऊन उठायच्या आणि प्रत्येकाच्या मशीनवर किंवा टेबलावर पित्ताची एक गोळी ठेवायच्या. पुदिन्याच्या वासाची, चघळायची. नाही म्हणायची सोय नव्हती. इस्त्रीवाला एकदा म्हणाला, “मावशी, मला आज पित्त नाहीये.”

“उद्या होईल,” मावशी म्हणाल्या. “खा.”

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या प्रत्येकाला कागदात बांधून सुट्टीची गोळीही द्यायच्या. पित्ताला सुट्टी नसते, असं त्यांचं मत होतं.

तीन वर्षांपूर्वी मास्तर एके दिवशी अर्धी रजा घेऊन दवाखान्यात गेला आणि दुपारी परत आला. त्याला एचआयव्हीची लागण झालेली आहे, असं त्याला तिथे सांगितलं होतं. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त इतकं दिसलं, की त्याने टेप टेबलावर सरळ केली आणि चाळीस कॉलर कापल्या. एकही कॉलर सूतभर चुकली नाही. रडणारी माणसं मी पाहिली आहेत. कॉलर कापणारा हा पहिलाच.

त्याचे उपचार सुरू झाले. रोज एक पांढरी लांबट गोळी, ठरलेल्या वेळी. ती तो घरी सकाळी घ्यायचा. त्याच्या बायकोला सगळं माहीत होतं. तिची तपासणी झाली, तिला लागण नव्हती. वर्षभरात मास्तरच्या रक्तातला विषाणू इतका कमी झाला की तपासणीत दिसेना. डॉक्टर म्हणाले, हे असंच टिकलं तर त्याच्यापासून बायकोला लागण होणार नाही, आणि मूल हवं असेल तर आपण तसा विचार करू. त्या दोघांना मूल हवं होतं. मास्तरने ही बातमी कोणाला सांगितली नाही, पण त्या आठवड्यात तो दोनदा शिट्टी वाजवताना आढळला.

मग त्याचे मोठे भाऊ आणि वहिनी दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. वहिनींना दुसऱ्याची औषधं वाचायचा छंद होता. मास्तरने आपली बाटली रिकामी केली, कापूस आणि माहितीचा कागद फेकून दिला, आणि गोळ्या माझ्यात आणून ओतल्या. बटणांच्या खाली, एका कागदाखाली. त्या दिवसापासून मी नोकरीत दोन पदं सांभाळू लागलो.

आता गोळी घ्यायची कधी? मास्तरने डोकं चालवलं. पूर्ण दिवसात एकच वेळ अशी होती जेव्हा खोलीतला प्रत्येक माणूस काहीतरी तोंडात टाकायचा आणि कोणी कोणाकडे बघायचं नाही. चार वाजता. मावशींची गोळी चघळता चघळता तो माझं झाकण उघडायचा, बटण शोधल्यासारखं करायचा, आणि आपली गोळी त्याच घोटात गिळायचा. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्या पिशवीतून घरी जायचो. मावशींची पुडीही सोबत असायची. युक्ती इतकी चोख होती की तिचं तिलाच कौतुक वाटलं असतं.

एकदा मात्र खालचा कागद सरकला आणि घोटाळा झाला. मावशींनी माझ्यात हात घातला आणि कोटाला लावायला एक बटण उचललं. सुई टेकवली. सुई आत जाईना.

“मास्तर, हे बटण बघ रे. भोकंच नाहीत याला.”

मास्तरने मान वर केली. मावशींच्या बोटांत त्याची गोळी होती.

“नमुन्याचं आहे,” तो म्हणाला.

“बिनभोकाचं बटण? लावायचं कसं?”

“चिकटवतात.”

“कुठल्या देशात?”

“बाहेर.”

“बाहेरच्यांचं सगळंच वेगळं,” असं म्हणून मावशींनी गोळी परत टाकली. खोलीतलं कोणीच हसलं नाही, कारण कोणालाच यात काही विचित्र वाटलं नाही.

आठ महिन्यांनी मास्तरचा रिपोर्ट आला. विषाणू पुन्हा दिसू लागला होता, आणि थोडाथोडका नाही. त्या दुपारी तो पडद्याआड जाऊन फोनवर बायकोशी बोलला. मी तिथेच स्टुलावर होतो.

“वाढलंय,” तो म्हणाला. “नाही, एकही चुकवली नाही... त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं... नाही, विश्वास नाही बसला त्यांचा... तीन महिन्यांनी परत तपासणार. तेव्हाही असंच आलं तर औषध बदलावं लागेल म्हणाले... हो. तोपर्यंत मुलाचं नको म्हणाले.”

मग बराच वेळ तो नुसता “हं” म्हणत राहिला. मी मोजले. अकरा हं. पडद्याबाहेर येऊन त्याने स्कर्ट कापायला घेतले.

मित्रांनो, मला दोन्ही गोळ्या ठाऊक होत्या. एक माझ्या पोटातून निघायची, दुसरी माझ्याशेजारी ठेवली जायची. दोन्ही एकाच तोंडात जाताना मी रोज पाहत होतो. पण मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी बिस्किटांचा डबा आहे. माझं औषधशास्त्र कच्चं आहे.

दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मास्तरला पुन्हा बोलावलं. “दिवसभरात जे जे तोंडात टाकता ते सगळं घेऊन या. गोळी, पावडर, टॉनिक, कोणी दिलेला काढा, सगळं.” मास्तर मला घेऊन गेला. बाईंनी मला त्यांच्या टेबलावर उलटं केलं. दोनशे बटणं, सात हूक, एक मोडकी सुई, तेरा पांढऱ्या गोळ्या, आणि कागदातल्या दोन पुदिन्याच्या.

बाईंनी बटणांकडे बोट केलं. “ही खात नाही ना तुम्ही?”

“नाही.”

“आणि या?” त्यांनी कागद उचलून हुंगला.

“त्या मावशींच्या.”

“त्यांच्या म्हणजे? घेतं कोण?”

“सगळेच घेतो. चार वाजता.”

“आणि आपली गोळी कधी घेता?”

“चार वाजता.”

“दोन्ही एकदम?”

“एकाच घोटात. पाणी कमी लागतं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं, दुसरं काही औषध घेता का. तुम्ही नाही म्हणालात.”

“हे औषध नाहीये,” मास्तर म्हणाला. “हे मावशी देतात.”

मग बाईंनी समजावलं. पित्ताच्या अशा गोळीत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. मास्तरच्या औषधाला ते पोटातच धरून ठेवतं, रक्तात पुरेसं जाऊच देत नाही. “तुम्ही औषध घेत होतात,” बाई म्हणाल्या, “ते तुम्हाला मिळत नव्हतं.” आपली गोळी आधी घेतली तर पुढे निदान दोन तास पित्ताची नको. पित्ताची आधी घेतली असेल तर आपल्या गोळीला सहा तास थांबायचं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचाही असाच हिशेब असतो, त्याही विचारल्याशिवाय नकोत. टीबीचं औषध, फिटचं, साखरेचं, काहीही सुरू झालं की आधी इथे येऊन सांगायचं. शेजाऱ्याला दिलेलं वेळापत्रक आपल्याला लागू नाही, कारण एचआयव्हीची औषधं अनेक आहेत आणि प्रत्येकाचं कोणाशी ना कोणाशी वाकडं असतं.

“आणि गोळ्या त्यांच्या बाटलीत ठेवा,” बाई म्हणाल्या. “दमट होतात. शिवाय बाटलीवर नाव असतं, हे बटण नाही म्हणून.” त्यांनी बटणं परत माझ्यात भरायला मदत केली. मग खाली बघत म्हणाल्या, “माझंही चुकलं. चुकवता का, चुकवता का, हेच विचारत बसले. कशासोबत घेता ते नाही विचारलं.”

मास्तर म्हणाला, “हं.” हा बारावा.

नवी वेळ ठरली. सकाळी नऊ, कारण कुलूप तोच उघडायचा आणि तेव्हा खोलीत कोणी नसायचं. चारपर्यंत सात तास जात होते. म्हणजे मावशींची गोळी खाल्ली असती तरी चाललं असतं. पण मास्तर आता पुदिन्याच्या वासालाही भीत होता. तो गोळी तोंडात टाकल्यासारखं करायचा आणि माझ्यात टाकायचा. महिन्याभरात माझ्यात पित्ताच्या पंचवीस गोळ्या जमल्या. त्या खोलीत सगळ्यात निरोगी पोट माझं होतं.

एका दुपारी मावशींनी बटणासाठी हात घातला आणि मूठभर गोळ्या बाहेर काढल्या. या वेळी सुई लावून बघायची गरज पडली नाही. वास आला.

“कोणाच्या रे या?”

“माझ्या,” मास्तर म्हणाला.

“टाकून देतोस? तोंडावर सांगायचं होतंस, म्हातारे, नको तुझं काही.”

मशीन एकेक करून थांबली. मास्तरने कात्री खाली ठेवली. मी त्याला कात्री टेबलावर न बघता ठेवताना पहिल्यांदाच पाहिलं.

“मावशी, मला एचआयव्ही आहे. त्याची गोळी घेतो. आठ महिने तुमच्या गोळीसोबत घेतली, त्याने ती लागूच पडली नाही. रिपोर्ट बिघडला. म्हणून आता भीती वाटते.”

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार मागे घेत होतं. ती बराच वेळ मागे जात राहिली.

“म्हणजे तुझं औषध मी मारत होते,” मावशी म्हणाल्या.

“तुम्हाला माहीत नव्हतं.”

“तू सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

“आणि ते बाहेरच्या देशातलं बटण?”

“तीच गोळी.”

मावशींनी कोट मांडीवर घेतला आणि एक बटण लावलं. दोरा दातांनी तोडला. “शिवली असती मी ती,” त्या म्हणाल्या. “कोणत्या तरी डॉक्टरच्या पोटावर.” मग विचारलं, “आता कधी घेतोस?”

“नऊला.”

“मग चारला चालेल का, ते दवाखान्यात विचारलंस?”

“चालेल म्हणाल्या तिथल्या बाई. मीच घाबरतो.”

“मग पित्त काय तुझा बाप सांभाळणार? नऊला घेतलीस की मला सांगायचं. चारला मी विचारेन, घेतली का. हो म्हणालास तर देईन. नाही म्हणालास तर चहासुद्धा नाही.”

सगळंच गोड झालं असं समजू नका. इस्त्रीवाल्याने पुढे आठ दिवस मास्तरचा कप उचलला नाही. एकत्र चहा प्यायल्याने लागण होत नाही, हे त्याला मावशींनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा ओरडून समजावलं. नवव्या दिवशी धुतलेला एकच कप उरला होता, मास्तरचा. त्याने पाच मिनिटं त्या कपाकडे बघितलं आणि चहा प्यायला. त्याला काहीही झालं नाही. याची त्याला थोडी निराशाच झालेली दिसली.

तीन महिने पूर्ण झाले. मास्तर रिपोर्ट घेऊन आला आणि सरळ पडद्याआड गेला. मावशींनी मशीन बंद करायची खूण केली. पडद्याला तसा काही अर्थ उरला नव्हता.

“दिसत नाही,” तो फोनवर म्हणाला. “अगं, काहीच दिसत नाही म्हणाले... हो, वाचला नीट... परत एकदा बघू म्हणाले, मग बोलू म्हणाले. मुलाचं.”

तो बाहेर आला, टेप गळ्यात घातली आणि कोट कापायला घेतले. संध्याकाळी मोजलं तर चार कोटांच्या आठही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. अशी चूक त्याच्या हातून कधी झाली नव्हती. मावशींनी त्या घडी करून बाजूला ठेवल्या.

आता गोळ्यांची बाटली कापायच्या टेबलावर उभी असते, नाव बाहेरच्या बाजूला करून. माझ्यात फक्त बटणं आहेत. मला पूर्वीसारखं कोणी लपून उघडत नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या घरातलं कोणी असं औषध घेत असेल, तर माझी एकच विनंती आहे. ते त्याच्या बाटलीतून काढून माझ्यासारख्या डब्यात लपवू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं की आणखी काय घेता, तर पित्ताची साधी गोळी, शेजारणीचं टॉनिक, मावशींनी प्रेमाने दिलेलं काहीही, सगळं सांगा. प्रेमाने दिलेलं आधी सांगा, कारण त्याला कोणी औषध समजत नाही. आठ महिने मी सगळं पाहत होतो आणि एक अक्षर बोलू शकलो नाही. तुम्हाला तोंड आहे. मला नुसतं झाकण आहे, आणि तेही दुसऱ्याला उघडावं लागतं.