जाळी मोजणाऱ्या काठीचा सूड

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा. तुम्ही कॉलेजच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर उभे आहात, अशी कल्पना करा. समोर जाळी ताणलेली आहे. ती योग्य उंचीवर आहे की नाही, हे कोण सांगणार? मी! मी एक जुनी मोजकाठी आहे. माझ्या अंगावर मुलींच्या सामन्यांसाठी लाल खूण आहे. जाळीची वरची कड त्या खुणेला टेकली, की पंच मान डोलावतात.

सुताराने मला तासून गुळगुळीत केले. कित्येक वर्षे प्रत्येक सामन्याआधी मला मानाने बाहेर आणत. मग एकदा आमच्या मुली उंचीने कमी, म्हणून त्यांना शिकवणाऱ्या सरांनी जाळी गुपचूप खाली घेतली. आमचीच कर्णधार पंचांना म्हणाली, "आधी मोजून घ्या." जाळी चार बोटे खाली भरली. सगळ्यांसमोर सरांचे तोंड एवढेसे झाले. त्याच संध्याकाळी त्यांनी तिचे कर्णधारपद काढले आणि मला सामानाच्या खोलीत कपाटामागे भिरकावले.

दोन वर्षे मी धूळ खाल्ली. अंगावर कोळिष्टके चढली. पण मनात एकच घोकत होते: या माणसाचे उट्टे काढायचे!

विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी आमच्याच मैदानावर आली; जाळी बांधायचे काम सरांकडे होते. कर्णधारपद गेलेल्या त्या मुलीचे हे शेवटचे वर्ष होते. दहा स्मॅशपैकी सहा जाळीपार गेले, तरच तिला संघात जागा. तिची दहा वर्षांची बहीण, टिकली, कडेला बसली होती. उघड्या दारातून मला सारे ऐकू येत होते. पहिले चारही चेंडू जाळीत अडकले.

"काय आजीबाई, गुडघे दुखतात का?" सर हसले.

पाचवा चेंडू जाळीच्या कडेला लागून उडाला आणि थेट आमच्या खोलीत, कपाटामागे गेला.

"टिकले, आण गं तेवढा चेंडू!" सर ओरडले.

बघा मित्रांनो, त्यांनी स्वतःच तिला माझ्याकडे पाठवले! चेंडू ओढायला टिकलीने मला बाहेर काढले. ताईकडून ऐकलेली लाल खूण दिसताच ती थबकली. चेंडू तसाच टाकून ती मला घेऊन धावली आणि तिने मला जाळीखाली उभे केले.

"ताई, खूण खालीच राहिली!"

पुन्हा चार बोटे. या वेळी जाळी वर.

"अगं, दोरी ताणली गेली असेल," सर पुटपुटले.

"दोन्ही टोकांना सारखीच?" ताई म्हणाली. "सर, माझे पाचही चेंडू पुन्हा."

रांगेतल्या मुली पुढे सरकल्या. निवड समितीच्या बाई उठून उभ्या राहिल्या. सरांनी घाम पुसत जाळी वर-खाली करायची खांबाची मूठ फिरवली. जाळी माझ्या खुणेशी आली, तेव्हा माझ्या जिवाला काय गार वाटले म्हणून सांगू! ताईने दहापैकी आठ चेंडू पार मारले.

मित्रांनो, मोजण्याच्या वस्तू अडगळीत टाकू नका. त्या विसरत नाहीत.

मग सरांची लाडकी खेळाडू पुढे आली. माझा राग अजून शमला नव्हता. 'टिकले, जाळी वर घ्यायला लाव,' मी मनात ओरडत होते, 'हिच्यासाठी वीतभर वर!' सरांचा हात हळूच खांबाच्या मुठीकडे गेला. त्यांना जाळी खाली हवी होती.

टिकलीने मला घट्ट धरले. ती पुन्हा जाळीखाली गेली, मला सरळ उभे केले आणि म्हणाली, "हिलाही एवढीच, सर."

रांगेतली शेवटची मुलगी खेळेपर्यंत ती प्रत्येकीच्या आधी मोजत राहिली.