रिकामा चंदेरी कागद

डावरीचं प्रेम कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. दार उघडलं की तो दिसे: कपाळावर बट, डोळे अर्धवट मिटलेले, ओठांशी माईक. तेरा वर्षांची ही डावखुरी पोर एक मोजा काढायला कपाट उघडायची, ते बंद करायची आणि दुसऱ्या मोज्यासाठी पुन्हा उघडायची.

"काय गं, तुझा तो रडका आज बरा आहे ना?" आत्या विचारायची.

"तो रडत नाही, गातो!"

"असेल बाई. मला आपलं वाटतं, दाढ ठणकतेय बिचाऱ्याची."

घराखालीच त्यांची ड्रायक्लीनिंगची लाँड्री होती. यंत्र आणि गिऱ्हाइकं आईकडे, बटणं आत्याकडे. भारी कोटांची नाजूक बटणं यंत्रात घासली जाऊ नयेत म्हणून आत्या प्रत्येक बटणावर चंदेरी कागदाचा तुकडा चढवून त्याला पीळ द्यायची. कोट धुऊन आला की पीळ सोडवायची. खिडकीजवळची खुर्ची त्यासाठीच होती, आणि तिथे बसलेली आत्या सगळ्या दुकानाची मालकीण वाटायची. सुट्टीच्या दिवशी डावरीही शेजारी स्टूल ओढून बसे.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी हॉटेलचा माणूस निळा कोट घेऊन आला. "संध्याकाळच्या कार्यक्रमात घालायचाय त्यांना. टीव्हीवर दाखवणार आहेत. जपा हं."

ते 'त्यांना' म्हणजे कोण, हे डावरीला सांगावं लागलं नाही. तिचे कानच तापले.

आत्यानं कोटाची शिंपल्याची बटणं कागदात गुंडाळली आणि ती जेवायला वर गेली. आई फोनवर होती. डावरीनं डाव्या बाहीचं शेवटचं बटण कागदातून सोडवलं, कात्रीनं दोरा कापला आणि बटण मुठीत घेतलं. मग तिचं डोकं नको तितकं चाललं. तिनं कागदाची रिकामी गोळी करून उरलेल्या दोऱ्याला पीळ देऊन अडकवली. कोट यंत्रात जाईपर्यंत कुणाला कळणार नव्हतं. तो बाहेरही येणार, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी आत्यानं एकेक पीळ सोडवला. शेवटच्या कागदात काहीच नव्हतं.

आईनं यंत्राची जाळी उपसली, फरशीवर गुडघे टेकून शोधलं. डावरीही शोधायला लागली. बटण खिशात घेऊन ती टेबलाखाली वाकली, याची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटायची होती.

"वन्सं, रिकामाच कागद गुंडाळलात?" आईचा आवाज चढला. "कधीची म्हणतेय, डोळे दाखवून घ्या. आता हॉटेलला काय तोंड दाखवू?"

आत्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली. "झालं असेल माझ्याकडून."

"आता बटणं राहू द्यात. मी करीन. तुम्ही वर आराम करा."

आत्या जिना चढून गेली. तो कागद तिनं खिशात घातला.

थोड्या वेळानं डावरी वर गेली. आत्या पलंगावर बसून घडी घातलेला टॉवेल उलगडत होती आणि पुन्हा घडी घालत होती.

"काही हवंय, बाळ?"

'बाळ' ऐकून डावरीनं पाठ फिरवली. तिनं कपाट उघडलं. तो नेहमीसारखाच डोळे मिटून उभा. त्याचं काय जात होतं?

ती खाली उतरली आणि आईसमोर बटण ठेवलं. "मी कापलं. त्याचं आहे म्हणून."

आईनं बटणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. आईनं जिन्याशी जाऊन हाक मारली, "वन्सं, खाली येता का? चुकलंच माझं."

आत्यानं खाली येऊन खिशातला कागद टेबलावर ठेवला. त्याचा पीळ अजून दिसत होता. "हा उलटा आहे. डाव्या हाताचा. सोडवतानाच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तिला सोलून काढली असती." आत्या डावरीकडे वळली. "म्हटलं, येईल आपणहून. जरा उशीर लावलास गं."

डावरीला तोंड वर करवेना.

"रडणं मागाहून. डोळे मात्र माझे खरंच गेलेत, त्यात तुझ्या आईचं चुकलं नाही. सुईत दोरा ओवून दे." आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. डावरीनं दोरा ओवला, तिसऱ्यांदा जमला.

संध्याकाळी तिघी टीव्हीसमोर बसल्या. तो निळ्या कोटात आला, त्यानं डावा हात उंचावला, बाहीवर काहीतरी चमकलं. डावरीची नजर त्या बाहीवरच खिळून राहिली.

"बरा गातो की," गाणं संपल्यावर आत्या म्हणाली.

"हो," डावरी म्हणाली. तिनं एक शब्दही ऐकला नव्हता.