निळा अंगठा

माझ्या जिभेचा पट्टा सुरू झाला की घरातले सगळे गुपचूप दुसऱ्या खोलीत जातात. त्या दिवशी मात्र तो मी भलत्याच माणसावर चालवला.

आत्यानं छापखान्यात एकाच मशीनवर तीस वर्षं काढली. ते मशीन भंगारात निघालं, त्याच्या आदल्या दिवशी मी माझा रोलचा कॅमेरा घेऊन गेले. आत्याला त्या मशीनशेजारी स्वतःचा एक फोटो हवा होता. आधी बारा फोटो नुसत्या मशीनचे काढले. मग तिचा चेहरा जवळून घ्यायचा म्हणून लेन्स बदलायला घेतली. उघड्या कॅमेऱ्यात, शटरच्या पातळ पात्यांवर, कागदाचा कण दिसला. आत बोट घालायचं नसतं, हे मीच इतरांना दहादा बजावलेलं. तरी अंगठ्यानं टिपला. दुसरी लेन्स खट् होईपर्यंत फिरवली आणि म्हटलं, "हस की जरा आत्या, पासपोर्टचा फोटो नाहीये!"

आठवड्यानं रोल धुऊन आला. तेराव्या फोटोपासून प्रत्येकात आत्याच्या तोंडावर पांढरी पट्टी. मशीन तर कधीच गेलं होतं. मी आत्याला घेऊन तडक दुकान गाठलं आणि रोल धुणाऱ्या काकांना चार गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं.

"जमत नसेल तर दुकान बंद करा!"

"बाराव्या फोटोनंतर काय केलंस?" काकांनी शांतपणे विचारलं.

"लेन्स बदलली. का?"

"कॅमेरा दे बघू."

त्यांनी लेन्स काढली आणि कॅमेरा दिव्याखाली धरून मला एकटीला दाखवला. पाती वाकली होती, फटीतून उजेड आत जात होता. त्यांवर छापखान्याच्या निळ्या शाईत अंगठा उमटला होता. माझाच.

जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

काकांनी दाराजवळच्या बाकावर बसलेल्या आत्याकडे पाहिलं, लेन्स परत बसवली आणि मोठ्यानं म्हणाले, "रोल धुवायचं औषध जुनं झालं होतं, बाई. चूक माझीच."

बोल, आता तरी बोल, असं मी स्वतःला म्हणत राहिले. शेवटी कॅमेरा पिशवीत घातला आणि आत्याला घेऊन बाहेर पडले.

रस्त्यावर आल्यावर आत्यानं माझा हात हातात घेतला.

"फोटो गेला तर गेला. पण माझ्यासाठी असं कुणी भांडलं नव्हतं गं आजवर."

नखाच्या कडेला अजून निळं होतं. मी अंगठा मुठीत दाबून धरला.