हातावरचं दही

मल्लेश्वरमच्या त्या नर्सिंग होममध्ये पुरुषांच्या वॉर्डात मी नर्स होतो. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि मिशी, एवढ्यावर लोक मला डॉक्टर करून टाकायचे. उलट सर्जन डॉक्टर कावेरी राउंडला आल्या, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "सिस्टर, स्वल्प पंखा लावा." त्या निमूटपणे पंखा लावायच्या. डोकं फिरायचं ते माझं.

हंबीरराव पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल झाले. घरात मराठी, दारात कन्नड, असं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच घराणं. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांच्या बायकोला, सोयराबाईंना, आभाळ ठेंगणं झालं.

"आपलेच डॉक्टर भेटले!"

"अक्का, मी येसाजी. नर्स आहे. ऑपरेशन डॉक्टर कावेरी करणार. काल येऊन पोट तपासलं ना, त्या."

"त्या सिस्टर? आमची थट्टा करता होय?"

पुन्हा सांगितलं. नवरा-बायको पुन्हा हसले.

ऑपरेशन सकाळी होतं. पोट रिकामं हवं, असं रात्रीच बजावलं होतं. भूल दिल्यावर खाल्लेलं उलटून फुप्फुसात गेलं, तर माणूस हातचा जातो. स्ट्रेचर आलं तेव्हा मी परत विचारलं, "काही खाल्लंय का?"

हंबीररावांनी बायकोकडे पाहिलं.

"नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. जरा घाईनंच म्हणाल्या. मला ते आवडलं नाही.

"पाणीसुद्धा नाही?"

"नाही, नाही."

हंबीररावांनी डोळे मिटून घेतले. मी त्यांना थिएटरच्या दारात सोडून परत आलो, चादर बदलायला उशी उचलली, तर खाली स्टीलचा डबा. कडेला भाताची शितं, अजून ओली. आंबूस वास आला. मी डबा सोयराबाईंपुढे धरला.

"अक्का, हे काय?"

सोयराबाई एवढ्याशा झाल्या. "एवढ्या मोठ्या कामाला जातायत, तसंच कसं पाठवायचं? हातावर दही-साखर दिली. मग म्हणाले भूक लागलीय, म्हणून स्वल्प दहीभात. दही थंडच असतंय की."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही डॉक्टर. रागावला असता, ऑपरेशन पुढं ढकललं असतं. एखादी सिस्टर आली असती, तर तिच्या कानात सांगितलं असतं."

मी धावत सुटलो. थिएटरवरचा लाल दिवा लागला होता. दोन्ही हातांनी दार बडवलं, कुणी उघडेना. डॉक्टर कावेरींचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो आता दाराआडून येत होता. मध्येच घशात काहीतरी घरघरल्याचा आवाज आला.

सोयराबाई मागून धापा टाकत आल्या. त्यांनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर, तुम्ही बाहेर?" त्या म्हणाल्या. "मग आत त्यांच्याजवळ कोण आहे?"