बिनपायांची सापसुरळी

"ह्याला साप कुणी केला?" बाईंनी कागद उचलून विचारलं.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, जिथे बरण्यांमध्ये बुडवलेले सरडे आणि साप वर्षानुवर्षं मुकाट बसलेले असतात, तिथे बाईंच्या आवाजाला सगळे टरकून असत. नवा संशोधक चटकन उभा राहिला.

"मॅडम, पाय नाहीत, अंग लांबलचक, डोळे मोहरीएवढे. सगळं सापासारखं. म्हणून वंशवृक्षात सापांच्या शेजारची फांदी दिली."

"अरे, हे सगळं मातीत घुसायला लागतं. जो जो मातीत राहायला गेला, त्याचे त्याचे पाय गेले. एका बिळात राहिलं म्हणून नातं होतं का? जरा भिंगातून बघ. पापणी आहे. कानाचं भोक आहे. सापाला हे असतं का?"

त्याने बघितलं आणि जीभ चावली. बाईंनी पेन्सिल घेतली. दोन प्राण्यांच्या फांद्यांवरून बोट मागे मागे नेत जायचं. ज्यांच्या लवकर भेटतात ते जवळचे. कागदावर कोण कुणाच्या शेजारी आलंय, ह्याला काडीची किंमत नाही. पापणी, कान, डोक्यावरच्या खवल्यांची ठेवण असं एकेक धरून त्यांनी झाड नव्याने काढलं, तेव्हा तो प्राणी सापांपासून लांब, सापसुरळ्यांच्या घोळक्यात जाऊन बसला.

"म्हणजे हिच्या सख्ख्या बहिणी चार पायांवर पळतात आणि ही एकटीच अशी?"

"एकटीच."

"पाय परत येत नाहीत का, मॅडम?"

"बहुतेक नाही," बाई म्हणाल्या आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात संग्रहालयाचे साहेब दारात आले. ही जात जिथे सापडली त्या डोंगरावर सोमवारी तुकडी निघणार होती, दोन महिन्यांसाठी. "तुमचं नाव घालू ना? मागच्या दोन्ही वेळी घरची अडचण आली. आता पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त. संध्याकाळपर्यंत काय ते पक्कं कळवा."

खरं सांगायचं तर बाईंचा अख्खा जन्म ह्या प्राण्यांमध्ये गेला होता, पण मेलेल्या. आपण जिच्यावर लिहिलं, जिचं झाड काढलं, ती बिनपायांची सापसुरळी मातीतून सरकताना एकदा तरी डोळ्यांनी बघायची, हे एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि ते का झालं नाही, ह्याचं उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे: वन्सं.

वन्सं म्हणजे त्यांची धाकटी नणंद. लग्न केलं नाही, दमा पाठी लागलेला. बाईंचे यजमान गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून दोन खोल्यांत ह्या दोघीच. दोघींचा चष्मा सारखा, पाठीचा बाक सारखा, जिना चढताना धापही सारखी. नवीन शेजारीण परवा म्हणाली, "सख्ख्या बहिणी ना तुम्ही?" बाईंना असा संताप आला होता! हिचं माझं रक्ताचं नातं ते काय? मधला दुवा होता तो गेला, आणि मी मात्र हिच्या उशापाशी अडकून पडले. कामावर, फोनवर, भेटेल त्याच्यापाशी बाई नणंदेच्या नावाने खडे फोडत. लोकही चुकचुकत. ते ऐकून बरं वाटे.

आज घरी आल्या त्या ठरवूनच. चपला काढायच्या आधीच म्हणाल्या, "वन्सं, मी डोंगरावर जाणार आहे. दोन महिने."

"अगंबाई! मग जाऊन या ना," वन्सं खुर्चीतून उठल्याच. "त्या नवीन शेजारणीला मी सांगते, रात्री इथे झोपेल. हौशी आहे ती. आणि हा पंप असतोच की माझ्या हाताशी. वहिनी, बॅग वरच्या फळीवर आहे. काढा आधी."

भांडायला कंबर कसून यावं आणि समोर कुणी उभंच नसावं, तसं झालं. वन्सं कामालाही लागल्या. स्वेटर, मोजे, जुने बूट त्यांनी पुसून पुढे ठेवले.

बाईंनी बूट घातले, नाड्या बांधल्या. भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या. गुडघे ठणठणीत होते. पण तिथलं एकेक डोळ्यांपुढे येऊ लागलं. तंबू. अनोळखी तरुण माणसं. काळोखात ओढ्यापर्यंत जायचं. तिथे कुणी विचारलं, बाई, इतकी वर्षं कुठे होतात, तर? आपल्याला भीती वाटतेय, निव्वळ भीती, आणि ती आजची नाही, हे त्यांना उभ्या उभ्या कळलं. त्या बूट न काढताच खुर्चीत बसल्या.

वन्सं आतल्या खोलीत बॅग भरत होत्या. बाईंनी फोन लावला आणि आवाज अगदी खाली आणला.

"साहेब, माझं नाव काढा. नाही हो, माझी फार इच्छा होती. पण वन्सं सोडायलाच तयार नाहीत. रडून गोंधळ घातलाय नुसता. काय करणार?"

मान वर केली तर वन्सं दारात उभ्या. हातात घडी केलेला स्वेटर. घर तरी केवढं. एक शब्द चुकला नसणार. पलीकडून साहेब म्हणत होते, "त्यांना द्या बरं फोन, मी समजावतो."

बाई नको नको म्हणत असताना वन्सं पुढे आल्या आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"हो, मीच नको म्हटलं," त्या म्हणाल्या. बोलताना धाप लागत होती, तरी आवाज ठाम होता. "मला नाही करमत वहिनींशिवाय. स्वार्थी म्हणा हवं तर. नाही, नाही सोडणार मी. ठेवते."

फोन टेबलावर ठेवून त्या खाली वाकल्या आणि बाईंच्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.