पिचवरचा तुकडा

हॅगवुड शाळेला कुलूप लागलं, तेव्हा गावात कुणी फारशी हळहळ केली नाही. अकराव्या वर्षी होणाऱ्या निवड परीक्षेत मागे पडलेल्या पोरांसाठी ती बांधलेली. पुढे ती सगळ्यांना खुली झाली, मग कुठल्याशा ट्रस्टने तिला नवं नाव, नवे ब्लेझर आणि काचेचं दार दिलं, आणि शेवटी पोरं पुरत नाहीत म्हणून बंद करून टाकली. एवढी बारशी केली ती मारायलाच, असं बेरिल हिंडल म्हणायची.

तिचा नवरा क्लिफर्ड तिथे आयुष्यभर भूगोल शिकवत होता, पण त्याचा जीव क्रिकेटच्या मैदानात. पिचवर कुणी बूट घालून चाललं की तो वर्गातला धडा सोडून खिडकीतून ओरडायचा. तो गेल्यावर बेरिलने हेडमास्तरांना विचारून त्याची रक्षा पिचवरच विखुरली. वेगळा दगड बसवला नाही. मैदान आहे, मग दगड कशाला?

पुढे तिथे घरं बांधायचं ठरलं. लोकांच्या हरकती ऐकायला सभा भरली, चहाबिस्किटं झाली. बेरिल मागच्या खुर्चीत बसून होती. चारचौघांत उभं राहून नवऱ्याची राख मागणं तिच्याच्याने झालं नाही. उगाच तमाशा नको, म्हणून ती गप्प घरी आली. या मेल्या भिडेपायी इथली माणसं काय काय गमावून बसतात, देव जाणे.

घरं उभी राहिल्यावर मात्र तिला राहवेना. ती कुंपणापाशी गेली, तर कामावरचा मुकादमच पुढे आला.

"मिसेस हिंडल ना? मी गॅरेथ पॉमफ्रेट. सरांनी मला कायम बारावा गडी ठेवलं."

"तुझ्या हातून कॅच सुटायचे रे."

"अजून सुटतात. आज इकडे कुठे?"

"पिचवरचा एक तुकडा मिळेल का? लहानसा. नाही म्हणालास तरी चालेल. क्लिफ तिथे आहे."

गॅरेथचा चेहरा उतरला. पिचच्या जागी आता गाड्या लावायचं डांबर होतं.

"उद्या या," तो म्हणाला. "काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्याने हिरव्यागार गवताचा चौकोन दोन्ही हातांनी पुढे केला. "अगदी मधल्या स्टंपजवळचा."

बेरिलने खालून हात लावला आणि बोटांना प्लास्टिकची जाळी लागली. विकत आणलेल्या गवताखाली असते तशी. गॅरेथच्या मागे गिऱ्हाइकांना दाखवायचं नमुन्याचं घर होतं. त्याच्या अंगणातल्या नव्या हिरवळीचा एक कोपरा चौकोनी उघडा पडला होता.

"मिळाले ना सर?" त्याने विचारलं. त्याचे डोळे भरले होते.

"मिळाले. फार केलंस रे माझ्यासाठी."

घरी येऊन तिने ती जाळी कात्रीने कापून काढली, कचऱ्यात तळाशी दडपली आणि गवत मागच्या दाराशी लावलं. क्लिफ कुठल्या डांबराखाली गेला की कुठल्या ट्रकमधून, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. तरी ती रोज पाणी घालू लागली.

एका संध्याकाळी कामावरून जाता जाता गॅरेथ डोकावला.

"रुजले का सर?"

"रुजले. चहा घेतोस?"

"चालेल." तो मागच्या दारी आला, वाकून चिखलाचे बूट काढले आणि मोज्यांवरच गवतापाशी जाऊन उभा राहिला.

बेरिल किटली ठेवायला म्हणून आत गेली आणि नळ सोडून रडत राहिली.